काळ्या रानातलं घर बरं की डोंगरउतारावरचं? (भूकंप, माती आणि आमच्या घरातला वाद)

हळदीचं_पोतं · मंगळवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज धागा काढायची पाळी आली कारण घरात रोज रात्री जेवताना याच विषयावर जुंपतीय आणि भाकरी गार होतीय.

बाबा रिटायर झाले, आता घर बांधायचं. तळमजला आणि वर दोन मजले. जागा दोन आहेत. एक आमचीच, सांगलीत विश्रामबागच्या पुढं साडेतीन गुंठे, आधी उसाचं रान होतं. काळी माती, पावसाळ्यात चप्पल रुतली की हातानं उपसून काढायची, आणि मे महिन्यात भेगा अशा पडतात की पोरांचा बॉल आत जातो. दुसरी सासऱ्यांनी देऊ केलेली, साताऱ्यात यवतेश्वरच्या अंगाला चढावर. फूटभर माती, खाली मुरूम, मग कातळ.

मेहुणा म्हणतो सांगलीतच बांधा, सातारा कोयनेच्या उशाला आहे, सांगलीपर्यंत शंभरेक किलोमीटर येईस्तोवर भूकंप दमतो, आणि वर काळी माती मऊ, गादीसारखी झटका खाते. बाबांचं बरोब्बर उलट. कातळावरचं घर हलत नाही म्हणतात, विषय संपला. ओळखीच्या इंजिनिअरना मातीच्या रिपोर्टचं विचारलं तर म्हणाले, पैसे जास्त झालेत का, वीस वर्षं पाच फुटावर फुटिंग (खांबाखालचा पाया) टाकतोय, एक घर पडलेलं दाखवा.

तर भूकंपाचा जोर घरावर किती येणार हे कोयनेपासूनच्या अंतरावर ठरतं, खालच्या मातीवर ठरतं, का चढउतारावर? जाणकारांनी सांगा. अजाणकारांनी पण सांगा, घरी तेच चाललंय.

भडंग_प्रेमी · रात्री १०:५५

प्रयोग करून बघा. एका ताटात कंदी पेढा ठेवा, शेजारी खरवसाची वडी. ताट हलवा. पेढा म्हणजे सातारा, खरवस म्हणजे सांगली. उरलेला प्रयोग खाऊन टाका.

उगाच_शंका · रात्री ११:०३

पेढा लागला तर डोक्याला टेंगूळ येतं, खरवस लागला तर नाही. मेहुण्यांशी सहमत.

मिरजेचा_तंबोरा · रात्री ११:२०

चेष्टा बाजूला, खरवसाचा दाखला चुकीचा नाही. आमच्या गल्लीत चार पिढ्या तंबोरे होतात, मी स्वतः कारागीर नाही पण लहानपण त्या भुशात गेलंय. तंबोऱ्याची नुसती तार फळीवर ताणून छेडली तर आवाज शेजारच्याला पण जात नाही. तीच तार भोपळ्यावर आली की खोली भरते. भूकंपात कातळ ही तार समजा आणि वरचा मातीचा थर हा भोपळा. जेवढी माती जाड आणि ढिली तेवढा सूर खाली उतरतो. आता वरची इमारतही स्वतःच्या एका सुरावर डुलत असते. दोन्हीचा सूर लागला की संपलं. मैफलीत तंबोरा मिळणं चांगलं, इथं नाही.

बोअरलॉग · रात्री ११:४८

तंबोरा, हे वर्गात सांगायला चोरतोय. (माती तपासणीचं काम करतो, सातारा-सांगली-सोलापूर, पंधरा वर्षं.)

आधी गादीचं. गादीवर आपण वरनं पडतो तेव्हा ती वाचवते. भूकंपात गादी खालनं कुणीतरी गदागदा हलवतंय आणि आपण वर उभे आहोत. एसटीत मागच्या सीटवर बसून विट्याला गेलाय का कधी? जिची स्प्रिंग ढिली त्या सीटवरचा माणूसच टपाला आपटतो.

कातळात भूकंपाची आडवी लाट सेकंदाला हजार-दीड हजार मीटर किंवा जास्त पळते, मऊ मातीत तीच शंभर-दोनशेवर येते. गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यापाशी ट्रॉल्या कशा तुंबतात बघा, पुढची हळू झाली की मागच्या येऊन चिकटतात. लाटेचंही तसंच, वेग घटला की उंची वाढते. त्यात काही लाटा वरच्या जमिनीपासून उलट्या फिरतात, खाली कातळाला आपटून परत वर, थरातच घुमत राहतात. त्या घुमण्याचा काळ काढायचा सोपा हिशोब म्हणजे थराची जाडी गुणिले चार भागिले लाटेचा वेग. वीस मीटर माती, वेग दोनशे, तर ०.४ सेकंद. आणि इमारतीचा ढोबळ नियम, दर मजल्याला ०.१ सेकंद. म्हणजे अशा मातीवर साधारण चार मजल्यांच्या बिल्डिंगचा सूर लागतो.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण १९८५ सालचं मेक्सिको सिटी. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं समुद्रकाठी, शहर मात्र जुन्या तळ्याच्या गाळावर बसलेलं. तो गाळ दोन सेकंदांच्या आसपास डोलला आणि मधल्या उंचीच्या, सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती सगळ्यात जास्त गेल्या. त्याच शहरात टेकडीकडच्या कठीण भागात फारसं काही झालं नाही. त्यामुळं "लांब आहे, दमतो" हे मेहुण्यांनी जरा जपून म्हणावं.

निवांत_कराडकर · बुधवार, सकाळी ७:१५

लांब कशाला जायचं, २००१ चा भूज. अहमदाबाद तिथनं दोनशेच्या वर किलोमीटर, तरी बिल्डिंगी बसल्या. मी तेव्हा तिकडं नोकरीला होतो, २६ जानेवारीचं झेंडावंदन. आमच्या समोरच्या सोसायटीचं पार्किंग नाहीसं झालं आणि पहिला मजला रस्त्याच्या पातळीला आला.

रिंगा_मोजणारा · सकाळी ९:३०

कराडकर, पार्किंग गेलं यात मातीपेक्षा पार्किंगचा दोष जास्त. खाली नुसते खांब, वर भिंतींचं ओझं, सगळा लचका खालच्या मजल्यावर. साबरमतीच्या जुन्या गाळावर हलणं वाढलं हे खरं, पण त्याच गाळावरच्या कितीतरी बिल्डिंगी उभ्या राहिल्या की.

मी स्ट्रक्चरल डिझाईन करतो. इथं सगळे मातीवर घसरलेत म्हणून थोडं कोडातलं सांगतो. आयएस १८९३ मध्ये (भूकंपाचा जोर धरायचं आपलं कोड, २०१६ ची आवृत्ती) जमिनीचे तीन प्रकार, कातळ किंवा कठीण, मध्यम आणि मऊ. भूकंपाच्या धोक्यानुसार पाडलेल्या झोनपैकी झोन ३ चा आकडा ०.१६, झोन ४ चा ०.२४. कोयनेभोवतालचा पट्टा ४ मध्ये, सांगली ३ मध्ये. आता गंमत अशी की ठेंगण्या इमारतीला तिन्ही मातींसाठी गुणक एकच, २.५. कातळावर हा न बदलणारा सपाट भाग इमारतीच्या डुलण्याचा काळ ०.४० सेकंद होईपर्यंत चालतो, मध्यम मातीवर ०.५५, मऊवर ०.६७ पर्यंत. तुमचं घर धरा दहा मीटर उंच, दहा मीटर रुंद, भिंती भरलेल्या, काळ येतो ०.२८ च्या आसपास. म्हणजे तिन्हीकडं तेच. झोन ३ मध्ये रिंगा (खांबा-बीममधल्या सळयांना बाहेरनं बांधणारी लोखंडी कडी) वगैरे नीट असलेल्या फ्रेमला घराच्या वजनाच्या ४ टक्के आडवा जोर, झोन ४ मध्ये ६ टक्के. घर तीनशे टनाचं असेल तर १२ टन आणि १८ टन. बास. मातीनं फरक पडतो तो उंच इमारतीला. छत्तीस मीटरची, सोळा मीटर रुंद घेतली तर काळ ०.८१ आणि तीच इमारत कातळाऐवजी मऊ मातीवर नेली तर जोर १.६७ पट.

त्यामुळं दोन मजल्याच्या घराला मातीची एवढी चर्चा नको. खांब-बीमच्या सांध्यात रिंगा बघा, रिंगचं टोक काटकोनात सोडलंय की १३५ अंशात आत वळवलंय ते बघा. सांगलीत दहातल्या आठ साईटवर मला काटकोनात दिसतात. गवंडी म्हणतो हात दुखतो.

उगाच_शंका · सकाळी ९:४१

म्हणजे धाग्याचं उत्तर "माती महत्त्वाची नाही" असं झालं? तंबोरा गुंडाळा मग.

मिरजेचा_तंबोरा · सकाळी ९:४४

गवसणी घालतोय थांबा.

बोअरलॉग · सकाळी १०:२०

रिंगा साहेब, हिशोब बरोबर, निष्कर्ष अर्धा. तो २.५ चा सपाट भाग हा डिझाईनसाठी केलेली सोय आहे, जमीन काही कोड वाचून हलत नाही. माती हलणं वाढवते ती वाढवतेच, ठेंगण्या घराखाली थर पातळ आणि ढिला असेल तर त्याचाही सूर लागतो. आणि दुसरं, तुमचे १२ टन खांबातनं फुटिंगमध्ये आल्यावर पुढं कुठं जातात? मातीतच ना? एक फुटिंग दोन इंच खचलं आणि शेजारचं नाही खचलं तर १३५ अंशाच्या रिंगा काय करणार? कोडाचं आडवं बळ हा एक हिशोब, पायाखालची जमीन जागेवर राहणं हा वेगळा.

रिंगा_मोजणारा · सकाळी १०:३२

मान्य. पण लोक रिपोर्टवर पंचवीस हजार घालतात आणि रिंगांवर पाचशे वाचवतात, माझं दुखणं ते आहे.

पाटणची_आत्या · दुपारी २:०५

मुलांनो, मी हे टायपिंग नातवाकडनं शिकलेय, चुका समजून घ्या. मी कोयनेचा भूकंप बघितलेला आहे. ११ डिसेंबर १९६७, सोमवार होता, पहाटे सव्वाचार वाजून गेले असतील. मी आठ वर्षांची. आमची वाडी पाटणच्या वरच्या अंगाला. आधी आवाज आला, जात्यावर कुणीतरी दगड दळतंय असा, आणि मग घर उजवीकडं गेलं. मला अजून उजवीकडंच आठवतं. आजीनं मला दरवाज्याच्या चौकटीत ओढलं. समोरची भिंत पडली नाही, ती फुगली, तिचे दोन पापुद्रे झाले आणि मधला चुरा आणि माती धान्याच्या कणगीसारखी ओतली. मग दोन्ही बाजूचे दगड बसले. कोयनानगरला तर फार वाईट झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली.

आमच्या वाडीपुरतं सांगते, नदीकडच्या मळीच्या रानातली घरं सगळी बसली आणि वर टेपावरची, खडकावरची बरीच उभी राहिली. तेव्हापासून आमच्याकडं म्हणतात घर खडकावर बांधावं. त्यामुळं तुझ्या बाबांचं बरोबर आहे बाळा.

कास_पठारी · दुपारी २:४०

आत्या, अंगावर काटा आला. भिंत फुगली हे वाचून किल्लारीचे फोटो आठवले, ३० सप्टेंबर १९९३, तिथंही असंच, दगडाच्या जाड भिंती, मातीचा गिलावा आणि वर धाब्याचं ओझं.

बोअरलॉग · दुपारी ३:१०

आत्या, नमस्कार. एक विचारू का, खालची घरं आणि टेपावरची घरं बांधायला सारखीच होती का?

पाटणची_आत्या · संध्याकाळी ५:३०

बरं विचारलंस. नव्हती रे. खाली पैसेवाल्यांचे वाडे, दगडी, दोन दोन हात रुंद भिंती. वरती गरिबाची घरं, लाकडाचे खांब, वासे, कुडाच्या भिंती शेणानं सारवलेल्या. आता तू विचारल्यावर वाटतंय, ती घरं खडकामुळं राहिली का कुडामुळं, कोण जाणे. साठ वर्षं मी खडकच सांगत आलेय.

रिंगा_मोजणारा · संध्याकाळी ५:४८

आत्या, तुमच्या या एका पोस्टसाठी धागा वसूल. हलकं घर, लवचिक सांधे. वजनच नाही तर जोर कशाचा येणार, जोर वजनावरच लागतो.

आणि "कातळावर काही होत नाही" म्हणणाऱ्यांसाठी, कोयनेचं धरण कातळावरच आहे. १०३ मीटर उंच. तरी १९६७ ला वरच्या भागात, जिथं मागच्या बाजूचा उतार बदलतो तिथं आडव्या चिरा गेल्या. धरणाच्या गॅलरीतल्या यंत्रानं गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट आडवं त्वरण नोंदलं आणि डिझाईन होतं ०.०५ वर. नंतर मागनं धिरे देऊन मजबूत केलं. कातळ वाढवत नाही एवढंच, येणारं थांबवत नाही. जवळच्या भूकंपात बारीक, जलद हादरे जास्त असतात आणि ते ठेंगण्या, ताठर बांधकामालाच झोंबतात. लांबनं येताना ते गळून जातात, मंद डोलणारे उरतात, ते मऊ मातीवरच्या उंच इमारतींना. म्हणजे साताऱ्याला एक तऱ्हा, सांगलीला दुसरी.

निवांत_कराडकर · संध्याकाळी ६:१०

अवांतर: आमच्या कराडला हजारमाचीत भूकंप अभ्यासाची केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि कोयनेच्या बाजूला गोठणे इथं तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय. वरचा काळा पाषाण सव्वा किलोमीटरला संपला आणि खाली ग्रॅनाईट. आम्ही इथं तीनशे फुटाच्या बोअरला पाणी लागलं नाही म्हणून रडतो.

वाळव्याचा_ऊस · संध्याकाळी ७:००

आमच्याकडं वीस फूट काळी माती हाय, मग पिवळी, मग मुरूम. एक सांगा, टीव्हीवर दावत्यात भूकंपात जमीन पाण्यावानी होती आन् घरं बुडत्यात, ते आमच्या काळ्या रानात हुईल का? आधीच २००५, २०१९, २०२१ तीन महापूर बघितलेत, वरनं बुडून झालं, आता खालनं नको.

बोअरलॉग · संध्याकाळी ७:३५

भाऊ, हरिपूरला संगमावर काठाच्या ओल्या वाळूत उभं राहून पाय थरथर हलवलेत का? वाळू घट्ट वाटते, मग एकदम पाणी वर येतं आणि घोटा आत जातो. तेच ते. वाळूचे कण हलल्यावर जवळ सरकायला बघतात, मधल्या पाण्याला पळायला वेळ मिळत नाही, पाण्याचा दाब वाढून कण सुटे होतात. १९६४ साली जपानच्या नीगाता शहरात अख्ख्या इमारती न मोडता आडव्या झाल्या होत्या, लोक नंतर भिंतीवरनं चालत उतरले.

पण त्याला सुटी वाळू किंवा पोयटा लागतो आणि वर आलेलं पाणी. तुमची काळी माती चिकट, तिला सहसा हा रोग नाही. तिचा रोग वेगळा, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भूकंप न येता पण भिंती चिरते. मग भूकंप येतो तेव्हा घर आधीच चिरलेलं असतं. नदीच्या जवळ असाल तर मात्र काळ्या मातीखाली वाळूचा पट्टा लागू शकतो आणि तो वरनं दिसत नाही. त्यासाठीच बोअर. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरनं टाकायचा आणि नळी शेवटचे तीस सेंटिमीटर जायला किती घाव लागले ते मोजायचे. वाळूत पाच मीटरच्या आत घाव पंधराच्या खाली आले तर आम्ही कान टवकारतो.

भडंग_प्रेमी · संध्याकाळी ७:५०

पंधरा घावांच्या खाली म्हणजे आमचा पीटीचा तास.

कास_पठारी · रात्री ९:१५

आता डोंगरउताराची बाजू कुणीतरी मांडायला पाहिजे आणि मी भोगलीय म्हणून मीच मांडते. आमचं घर साताऱ्यातच चढावर, सात वर्षं झाली. कंत्राटदारानं (नाव नको) काय केलं, डोंगराकडची बाजू खोदली आणि तीच माती, दगड, डबर सगळं दरीच्या बाजूला लोटून सपाट करून दिलं. दिसायला झकास, अंगणातनं सगळं सातारा दिसायचं. मागचे खांब कातळात, पुढचे भरावात. तिसऱ्या पावसाळ्यात पुढची बाजू बसली. हॉलच्या फरशीवर गोटी ठेवली की ती आपोआप गॅलरीकडं निघायची, माझ्या मुलानं तो खेळच केला होता. शेवटी भिंतीला तिरकी चीर, खिडकीच्या कोपऱ्यापासून वर, त्यात पाच रुपयाचं नाणं जायचं. भूकंप नाही, काही नाही, नुसता पाऊस.

दुरुस्तीला आलेल्या मॅडमनी सांगितलं की खरा धोका वेगळाच आहे. मागचे खांब जेमतेम दीड मीटर, पुढचे तीन मीटर. मला वाटायचं आखूड खांब म्हणजे मजबूत.

रिंगा_मोजणारा · रात्री ९:४०

ताई, मॅडमनी बरोबर सांगितलं. खांबाचा ताठरपणा उंचीच्या घनाच्या उलट जातो. उंची निम्मी तर ताठरपणा आठपट. सगळे खांब वर एकाच स्लॅबला बांधलेले, सरकायचं सगळ्यांना सारखंच, मग जो जास्त ताठर तो जास्त जोर अंगावर घेतो. म्हणजे भूकंपात मागच्या एका आखूड खांबावर पुढच्या आठ खांबांचं ओझं. तो मोडतोही एकदम, कात्रीनं कापल्यासारखा. त्यात घर वळतं, कारण एक बाजू धरून ठेवलीय आणि दुसरी मोकळी.

उपाय आहेत. पायऱ्या करून प्रत्येक पायरी पूर्ण कातळात घ्यायची, आखूड खांबांना खालपासून वरपर्यंत जवळजवळ रिंगा, आणि धारणभिंत घराला न चिकटवता वेगळी. भरावावर एकही फुटिंग नाही.

बोअरलॉग · रात्री १०:०५

आणि चढाचं आणखी एक. डोंगराचा माथा आणि सुळका स्वतःच हलणं वाढवतो, लाटा दोन्ही उतारांवरनं वर येऊन टोकाला गोळा होतात. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात कॅलिफोर्नियात टार्झाना इथल्या एका छोट्या टेकडीवरच्या यंत्रानं गुरुत्वाच्या १.७८ पट नोंद केली, जगभर चर्चा झाली त्याची. युरोपच्या कोडात पंधरा अंशांच्या वरच्या उतारांना आणि सुळक्यांना १.२ ते १.४ पट जोर धरायला सांगितलंय. पंधरा अंशांच्या आत असेल तर सोडून द्या.

मिरजेचा_तंबोरा · रात्री १०:११

थोडक्यात मिरजेसारखं सपाट आणि सुरेल कुठंच नाही.

निवांत_कराडकर · रात्री १०:१४

सुरेलचं माहीत नाही, सपाटला दुजोरा. पण जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघरला दरडी कोसळल्या त्या पावसानं. जो उतार पावसानंच सुटायला आलाय त्याला पावसाळ्यात धक्का बसला तर? घर कितीही मजबूत असो, डोंगरच अंगावर आला तर रिंगा मोजून काय उपयोग. साताऱ्याच्या प्लॉटच्या वरच्या बाजूला काय आहे ते आधी बघा राव.

उगाच_शंका · रात्री १०:३०

मला आता तंबूत राहावंसं वाटतंय.

हळदीचं_पोतं · रविवार, दुपारी १२:२०

सगळ्यांचे आभार, आणि अपडेट. बुधवारी धागा मोठ्यानं वाचून दाखवला. बाबा धरणावरच्या चिरांशी गप्प झाले, मेहुणा एसटीच्या सीटशी. साताऱ्याचा प्लॉट बघून आलो. मोबाईलनं उतार मोजला तर बावीस अंश, वरच्या बाजूला नवीन रस्त्यासाठी डोंगर उभा कापलाय, जाळी नाही, काही नाही. सासऱ्यांना मी काही बोललो नाही, बायको बोलली.

मग सांगलीच्या प्लॉटवर बोअरच्या आधी चार कोपऱ्यांत खड्डे घेतले. तीन कोपऱ्यांत सारखं, वर काळी, साडेचार मीटरच्या आसपास पिवळसर, मग मुरूम. चौथ्या कोपऱ्यात, ईशान्येच्या, जेसीबीचं बकेट आत जाऊन वर आलं तर त्यात विटांचे तुकडे, प्लास्टिकची खताची पोती, एक फुटकी घागर आणि बैलाच्या गळ्यातली घंटा. आणखी खाली दगडाची गोल कड दिसायला लागली. जुनी विहीर! कधीतरी बुजवलेली. शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, "व्हय की, बहात्तरच्या दुष्काळात बी आटली न्हवती ती. मला वाटलं तुमास्नी ठावं आसंल."

नकाशात त्या विहिरीवर नेमका जिन्याचा खांब होता.

रिंगा_मोजणारा · दुपारी १२:३१

मातीच्या चर्चेबद्दल जे बोललो ते मागं घेतो. पाच फुटावर फुटिंग टाकणाऱ्यांना ही पोस्ट फॉरवर्ड करा.

बोअरलॉग · दुपारी १२:५०

आता ऐका. घर त्या कोपऱ्यापासून सरकवा, साडेतीन गुंठ्यात जमेल. विहिरीत डबर टाकून, पाणी मारून "घट्ट केली" म्हणेल कुणीतरी, ऐकू नका, त्यावर खांब नको म्हणजे नको. बोअर तरीही दोन घ्या, एक विहिरीच्या बाजूला, मुरूम सारख्या खोलीला आहे का बघायला. साडेचार मीटरला मुरूम म्हणजे फार खोल नाही, खांबांना पाईल (जमिनीत खोल नेलेले पायाचे खांब) नेऊन मुरमात टेकवता येतील, काळ्या मातीत खाली फुगा असलेले पाईल करतात, अंडररीम्ड, माती फुगली तरी ते वर उचलले जात नाहीत. नाहीतर रिपोर्ट आल्यावर राफ्टचा (सगळ्या घराखाली एकच सलग स्लॅब) हिशोब करू. काही केलं तरी सगळी फुटिंगं किंवा पाईलचे माथे खालनं बीमनी एकमेकांना बांधा. कोड हे झोन ४ आणि ५ ला मागतो, तुम्ही ३ मध्ये असलात तरी करा. भूकंपात घराचे पाय चार दिशांना जायला नकोत.

वाळव्याचा_ऊस · दुपारी १:१५

आयला, ईशान्येला पाणी! वास्तुवाले पेढे वाटतील.

भडंग_प्रेमी · दुपारी १:१७

कंदीच असू देत. खरवस नको.

पाटणची_आत्या · दुपारी ४:४०

बाळा, ती घंटा टाकू नकोस. धुवून देवापाशी ठेव. आणि घरात लाकडी कपाटं, टाकी, माळ्यावरची भांडी भिंतीला बांधून ठेव, आमच्या आजीला भिंत नाही लागली, वरनं पडलेला हंडा लागला होता.

हळदीचं_पोतं · रात्री ९:०५

घंटा ठेवलीय आत्या. बोअरवाले गुरुवारी येणार आहेत. नवीन भानगड अशी की बाबा आता म्हणताहेत विहीर पूर्ण उकरून परत चालू करायची, पाणी गोड होतं म्हणे. घरापासून किती लांब असली तर चालेल? नाहीतर नवीन धागा काढतो.